अडीच पौंडांचा चाप

५ मार्च १९८६, बुधवार

अर्वो,

तुझा पत्ता चर्चमधल्या हिल्माने दिला. मी मागितला नव्हता. तिनेच कागदाच्या कपट्यावर लिहून माझ्या कोटाच्या खिशात कोंबला. डुलुथला गोदीवर काम करतोस म्हणे. अठ्ठावन्नाव्या वर्षी, तसल्या आखडलेल्या हातांनी, गोदीवर तू काय उचलतोस देव जाणे.

लिहायचं कारण एवढंच की काल शेरिफच्या कचेरीतला तो तांबड्या मिशांचा डेप्युटी तुझी रायफल परत देऊन गेला. चौकशी संपली. कागदावर 'शिकारीतला अपघात' एवढं लिहून त्यांनी फाईल बंद केली. तुझा ठावठिकाणा त्यांच्याकडे नव्हता, म्हणून बहिणीच्या दारात आणून टाकली. मी सही केली. आता तिचं काय करायचं ते कळव. विकायची असेल तर गिऱ्हाईक मी बघते.

तुझा मेहुणा रेइनो बरा आहे. गुडघ्यात लोखंडी सळई घातली आहे, पण चालतो फिरतो.

आणखी एक. मी चाप तपासला. सप्टेंबरात तुला करून दिला तसाच आहे, चार पौंडांचा, तेवढा जोर लावून ओढला तरच सुटणारा. डेप्युटीला नोव्हेंबरात हेच सांगितलं होतं, आणि आजही कोणी विचारलं तर हेच सांगेन.

बर्फ अजून खिडकीच्या कठड्यापर्यंत आहे.

इर्या

९ मार्च, रविवार

अर्वो,

चार दिवसांत तुझं उत्तर यायचं नाही हे मला कळतं. तरी आज चर्चहून येताना पेटी उघडून बघितली.

मागच्या पत्रात एक खोटं लिहिलं होतं. मी चाप तपासला नव्हता. डेप्युटीने ज्या करड्या ब्लँकेटात गुंडाळून रायफल आणली, त्या ब्लँकेटातच ती माझ्या कामाच्या टेबलावर पडून होती. मी तिच्या बाजूने घाण्याच्या बैलासारख्या फेऱ्या मारायची. दुसरी कामं काढायची. कोणाच्या गळाची चरखी, कोणाच्या शिलाई मशीनचा पाय. शेवटी रेइनो खुर्चीतून म्हणाला, "उघड ना एकदाची. चावणार आहे का ती?"

"तुला चावली ना," मी म्हणाले.

"मग माझी मी बघतो. तू उघड."

उघडली. बाबांनी घेतलेली ती जुनी एकबारी, मधे मोडून एकच काडतूस भरायची. दस्त्यावर रेइनोचं रक्त असेल असं मला उगाच वाटत होतं. काही नव्हतं. कोणीतरी पुसून दिली होती, बहुतेक त्या तांबड्या मिशीवाल्याने. घोडा चढवला, चापाला मासे तोलायचा काटा अडकवला आणि हळूहळू ओढला. अडीच पौंडांवर घोडा पडला. पाच वेळा ओढला. पाचही वेळा अडीच.

तुला ते माहीत होतं. मलाही माहीत होतं. हॉस्पिटलच्या त्या हिरव्या भिंतींच्या बोळात डेप्युटी वही काढून उभा होता. त्याने विचारलं, "बाई, चाप किती हलका केला होता?" आणि मी "चार" म्हणाले. तेव्हा तू माझ्याकडे पाहिलंस. एक शब्द बोलला नाहीस. का नाही बोललास? तिथेच म्हणाला असतास, इर्या, अडीच ना ग, तर मी काय केलं असतं माहीत नाही. कदाचित तुला तोंडावर खोटा ठरवलं असतं. कदाचित रडले असते.

त्याऐवजी मी काय केलं ते तुला आठवतच असेल. डेप्युटी गेल्यावर मी म्हणाले, "तुझ्या बोटाला सवयच आहे, नको तिथे जायची." तिसऱ्या दिवशी तू बसमध्ये बसलास.

आणि रेइनो चालतफिरत नाही. दोन कुबड्या आणि मी, एवढं मिळून सौनाच्या वाफघरापर्यंत जातो. परत येताना दोनदा बसतो.

इर्या

१६ मार्च, रविवार

अर्वो,

आज मी रायफलीची परीक्षा घेतली. शांतपणे वाच.

तू डेप्युटीला सांगितलं होतंस की घोडा चढवलेला होता, बोट चापावर नव्हतं, तू रायफल या हातातून त्या हातात घेत होतास, दस्ता पडलेल्या ओंडक्याला लागला आणि बार उडाला. रेइनो दहा पावलं पुढे पाठ करून बसला होता. बरोबर? मी काही चुकीचं लिहीत असेन तर सांग.

तर मी घोडा चढवला. आत काडतूस नाही, हे सांगायला नको. आणि दस्त्यावर रबरी हातोड्याने ठोकलं. मग बाजूने ठोकलं. मग जमिनीवर लाकडी फळी ठेवून गुडघ्याच्या उंचीवरून दस्ता त्यावर आपटला. पुन्हा घोडा चढव, पुन्हा आपट. रेइनोला मोजायला बसवलं होतं. पन्नासनंतर तो कंटाळला, शंभरनंतर त्याने कॉफी मागितली. दीडशेला म्हणाला, "इर्या, दस्ता फुटेल." दोनशेला मीच थांबले.

एकदाही घोडा पडला नाही. अडीच पौंड असो नाहीतर काही असो, चापाचं टोक जिच्यात अडकतं ती माझ्या हातची खाच धरून बसली होती. भिंग लावून पाहिली. कडा आरशासारखी, कुठे ओरखडा नाही, कुठे झीज नाही. खाणीच्या यंत्रशाळेत लढाईची तीन वर्षं मी पुरुषांच्या शेजारी उभी राहून पोलाद घासलं आहे. मला खाच घासता येते.

म्हणजे तुझं बोट होतं, अर्वो.

हे लिहून मला हलकं वाटेल असं वाटलं होतं. रेइनोला म्हणाले, "झालं, आता नक्की झालं." त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "बास कर आता. ती घरात नको मला. बाहेर ठेव." म्हणून ती लाकडांच्या खोपटात नेऊन टांगली.

नक्की झाल्यावर माणूस शांत होतो ना? मी जेवण करपवलं.

इर्या

१८ मार्च, मंगळवार

अर्वो,

रविवारचं पत्र अजून तुला मिळालं नसेल. मिळालं की वाचू नकोस. वाचलंस तर हे लगेच वाच.

आज सकाळी शून्याखाली अठरा होतं. कालही तसंच. मी चूल पेटवायला लाकडं आणायला गेले. रायफल खिळ्याला टांगलेली. का कुणास ठाऊक, मी ती काढली. उघडून रिकामी असल्याची खात्री केली, घोडा चढवला, आणि हातात होतं ते बर्चचं लाकूड दस्त्यावर टेकवलं. ठोकलंसुद्धा नाही धड. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा घोडा पडला.

पुन्हा चढवला. या वेळी पहिल्याच ठोक्याला. मग चार वेळा काही नाही. मग पुन्हा पडला. माझी बोटं हातमोज्यातसुद्धा गारठून बधिर झाली. नऊ वेळा पडला, अर्वो. किती वेळात ते विचारू नकोस, मोजायला रेइनो नव्हता.

चापाजवळ माझं बोट नव्हतं. हातमोजे घातलेले होते, जाडे, बोटच आत जात नाही.

घरात आणली, टेबलावर ठेवली, दोन तास वाट बघितली. मग ठोकून ठोकून थकले, पण घोडा पडेना. जशी रविवारी होती तशीच शहाणी. मला कळेना की मी वेडी झाले आहे की ती. रेइनोला काहीच सांगितलं नाही. त्याने विचारलं, "लाकडं आणायला एवढा वेळ?" मी म्हणाले, "ढीग गोठलाय."

इर्या

२३ मार्च, रविवार

अर्वो,

सांगते. जसं कळलं तसं सांगते, नाहीतर माझाच गोंधळ होतो.

गुरुवारी ती पूर्ण खोलली. आतला चाप, स्प्रिंग, घोडा, सगळं वर्तमानपत्रावर मांडलं. चापाच्या आसाला आणि स्प्रिंगच्या घरात काळपट, चिकट तेल. बोटाला लागलं तर तार धरत होतं. ते माझं तेल नव्हे. मी बंदुकीत घालते ते पाण्यासारखं पातळ असतं, तेही एक थेंब. हे मी ओळखलं. वासानेच ओळखलं. झाडं कापायच्या साखळी-करवतीचं तेल.

घरच्या उबेत ते वाहतं. थंडीत काकवीसारखं होतं. घोडा चढवला की चापाचं टोक खाचेत पुरतं जाऊन बसायला हवं. ते त्या काकवीत अडकून अर्धवटच बसायचं, नखाच्या कडेएवढं. वरून बघणाऱ्याला वाटावं की बसलंय.

मी ते सगळं केरोसीनने धुतलं, कोरडं करून परत बसवलं, रात्रभर खोपटात ठेवलं आणि शुक्रवारी सकाळी ठोकलं. चाळीस वेळा. घोडा हलला नाही.

मग मी आत येऊन रेइनोसमोर उभी राहिले. "तेल कोणी घातलं?"

त्याने पेपर खाली ठेवला नाही. "कसलं तेल?"

"रेइनो."

मग ठेवला. "मी," तो म्हणाला. "आदल्या दिवशी. तो सौनात होता. मला वाटलं, चापात कोरडं कोरडं वाटतंय, थोडं सोडावं. करवतीची बाटली हाताशी होती." त्याने पेपरची घडी घातली. "तुला वाटतं मला हे माहीत होतं? मला नव्हतं माहीत. तू रविवारी आपटत होतीस तेव्हा पहिल्यांदा मनात आलं. म्हणून म्हटलं, घरात नको."

"आणि घोडा का चढवलेला होता?"

"मीच म्हटलं होतं त्याला." हे तो खिडकीकडे बघून बोलला. "हरीण उडालं, तो घोडा उतरवायला लागला. मी म्हटलं, राहू दे चढवलेला, ते वळसा घालून इकडेच येईल. आणि मी पाठ करून बसलो."

चार महिने हा माणूस माझ्यासमोर बसून होता, अर्वो. हे बोलला नाही. मी त्याला ओरडणार होते. ओरडले नाही. कारण माझ्याकडेही एक गोष्ट होती.

करवतीचं तेल कितीतरी लोक घालतात. कारखान्याची स्प्रिंग ताठ असती तर तिने ते रेटून चापाला खाचेत बसवलं असतं, काकवी असो नाहीतर डांबर. पण ती ताठ नव्हती. मी तिचे वेढे कापले होते.

तू म्हणाला होतास, "इर्या, माझी बोटं वळत नाहीत. सात पौंड ओढता ओढता नळी हलते. गेल्या वर्षी तो शिंगाड्या वीस पावलांवर चुकला आणि स्टोअरमधे सगळे हसले." मी आधी फक्त खाच घासली. सव्वाचार पौंडांवर आली. तू ओढून बघितलास आणि तुझा पडलेला चेहरा मला दिसला. बाबा काय सांगायचे आठवतं? घासायचं तेवढं घास, स्प्रिंगला हात लावू नकोस. मी हात लावला. दहा मिनिटांचं काम. काचेची कांडी मोडावी तसा चाप सुटायला लागला, आणि तू लहान असताना हसायचास तसा हसलास. मला ते हसणं हवं होतं. तुझ्यासाठी केलं असं मी स्वतःला सांगत होते, पण मला शाबासकी हवी होती.

तर आता काय? माझी स्प्रिंग. रेइनोचं तेल. रेइनोचंच 'राहू दे चढवलेला'. तुझा हात, ओंडका, थंडी. यातलं एक काढलं तर रेइनो आज चालत असता. कुठलं काढू? मी तीन दिवस हेच करते आहे. एकदा वाटतं, सगळं माझंच. मग त्याच्या हातातली ती तेलाची बाटली दिसते आणि राग येतो, आणि ज्याचा गुडघा गेला त्याच्यावर रागावताना लाज वाटते. मग तुझ्यावर राग येतो, की तू गेलास, आणि तू का गेलास ते आठवतं.

डेप्युटीला फोन करून सांगितलं की चाप अडीच पौंडांचा होता आणि मी खोटं बोलले होते. तो म्हणाला, "बाई, फाईल बंद झाली." मी म्हणाले, "मग उघडा." त्याने लिहून घेतो म्हटलं. लिहिलं की नाही कोण जाणे.

तू त्या दिवशी खरं बोललास. मी तुला खोटा ठरवलं. हे मला पत्रात लिहावं लागतंय, कारण तू इथे नाहीस, आणि तू इथे नाहीस ते माझ्यामुळे.

इर्या

११ मे, रविवार

अर्वो,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे. तरी सांगते, कारण हे तुला कळायला हवं.

तुझा चाप स्टोअरमधे सगळ्यांनी ओढून बघितला होता, आठवतं? त्यानंतर त्या शरदात नऊ जण आपापल्या एकबाऱ्या घेऊन माझ्याकडे आले. "अर्वोसारखा करून दे." मी नऊच्या नऊ स्प्रिंगा कापल्या. मला त्या मार्चच्या शेवटी अंथरुणात पडल्या पडल्या आठवल्या. नऊ.

स्टोअरच्या फळ्यावर चिठ्ठी लावली, मोठ्या अक्षरात. 'इर्या लाहदेनमाकीने ज्यांचे चाप हलके केले त्यांनी बंदुका परत आणाव्यात. स्प्रिंग चुकीची आहे. थंडीत आपोआप बार होऊ शकतो. माझी चूक.' स्टोअरवाला म्हणाला, "शेवटचे दोन शब्द काढ, धंदा बसेल." मी म्हणाले, "बसू दे."

धंदा बसला. चिठ्ठी लावल्यापासून एक गळाची चरखी आली आहे, बस्स. पण आठ रायफली परत आल्या. आठांना कारखान्याच्या ताठ स्प्रिंगा मागवून बसवल्या. लोक फार बोलले नाहीत. टोपी हातात धरून उभे राहायचे, रेइनोकडे बघायचे नाहीत, घेऊन जायचे.

नववा सुलो केत्तुनेन. तो येईना. मग मीच गेले.

अंगणात गाडी धूत होता. मला बघून नळ बंद केला नाही. "काय ग म्हातारे, कबुलीजबाब घेऊन दारोदार हिंडतेस म्हणे?"

"रायफल दे सुलो."

"देणार नाही. एवढा गोड चाप आयुष्यात मिळाला नाही मला. गेल्या मोसमात दोन हरणं पाडली, आपोआप काही झालं नाही." मग नळ बंद केला. "नोव्हेंबरात भावाच्या गळ्यात घातलंस. आता मे महिन्यात आठवण झाली, स्प्रिंग होती म्हणून?"

"हो," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

त्याला तेवढ्याने जरा बरं वाटलं असावं. मी विचारलं, "तेल कुठलं घालतोस?"

"करवतीचं. सगळेच घालतात."

"तुझा मोठा फ्रीझर चालू आहे?"

तो माझ्याकडे वेड्या बाईकडे बघावं तसा बघायला लागला. पण आत नेलं. मी रायफल मोडली, रिकामी असल्याचं त्यालाही दाखवलं, नळी काढून बाजूला ठेवली आणि उरलेला भाग, दस्ता, घोडा, चाप, हे सगळं त्याच्या फ्रीझरमधे, हरणाच्या मांसाच्या पुड्यांवर ठेवून झाकण लावलं. दीड तास. दीड तास आम्ही दोघं त्याच्या स्वयंपाकघरात बसलो. त्याने कॉफी केली, वेलचीचा पाव कापला. तो हवापाण्याचं बोलला, मी हवापाण्याचं बोलले. एकदा म्हणाला, "रेइनो कसा आहे?" मी म्हणाले, "बसलेला आहे."

मग बाहेर काढली. घोडा चढवला. "चापाला हात लावू नकोस," मी म्हणाले, "दस्ता टेबलाच्या कडेला टेकव फक्त." त्याने टेकवला. काही झालं नाही. त्याने ओठ वाकडे केले. "पुन्हा," मी म्हणाले. पुन्हा टेकवला, आणि घोडा खाटकन पडला.

सुलोने रायफल टेबलावर ठेवली. फ्रीझरचं झाकण उघडंच होतं, वाफ बाहेर येत होती. मग म्हणाला, "ही माझ्या गाडीत असते. सीटच्या मागे. पूर्ण डिसेंबर मी नातीला शाळेत सोडत होतो."

"भरलेली?"

त्याने मान हलवली. होय की नाही ते मला कळलं नाही, आणि मी विचारलं नाही. त्याची स्प्रिंग आज बसवली. तोच दुपारी परत आला आणि रेइनोशेजारी एक तास बसून गेला. दोघं बेसबॉल ऐकत होते.

तर त्या नऊ झाल्या. तुझी दहावी. तिलाही ताठ स्प्रिंग बसवली आहे. सात पौंड. तुझ्याने ओढवणार नाही. मला माफ कर, पण मी ती पुन्हा हलकी करणार नाही.

इर्या

२५ मे, रविवार

अर्वो,

तुझं पत्र शुक्रवारी आलं. पेटीशीच उभी राहून वाचलं, मग आत येऊन रेइनोला वाचून दाखवलं, मग पुन्हा एकटीने. मी काय वाचते आहे ते माझं मलाच कळेना, म्हणून तुझेच शब्द परत लिहिते.

'इर्या, सगळी पत्रं मिळाली. स्प्रिंग, तेल, सगळं समजलं. चापावर माझं बोट होतं. हातमोजा काढला होता. हरीण परत आल्यासारखं वाटलं. नंतर घाबरलो आणि ओंडक्याचं सांगितलं. बाकीच्या नऊ परत घेतल्यास ते फार चांगलं केलंस. आता झोपत जा. अर्वो.'

सहा महिने तू एकच गोष्ट सांगत होतास. डेप्युटीला सांगितलीस, डॉक्टरला सांगितलीस, मला त्या बोळात सांगितलीस. मी विश्वास ठेवला नाही. आता मी विश्वास ठेवायला लागले, खोपटात उभं राहून माझ्या डोळ्यांनी बघितलं, तर तू म्हणतोस, बोट होतं.

रेइनो म्हणाला, "खोटं बोलतोय."

"कशावरून?"

"तुझ्यासाठी बोलतोय. ते 'आता झोपत जा' वाच ना."

दुसऱ्या दिवशी न्याहारीला बसला, अंड्यात चमचा घालून थांबला. "खरंही असेल, इर्या. हातमोज्याचं कुठून आणलं त्याने? असली गोष्ट कोणी बनवून सांगत नाही."

"तू तर तिथे होतास!"

"पाठ होती माझी."

मी दोन रात्री अंथरुणात तुझ्या हातमोज्याचाच विचार केला. तो दवाखान्यात तुझ्या हातात होता का? मला एक हातमोजा दिसतो, मग दोन दिसतात. मी तुझं पत्र उजेडाला धरून बघितलं, जणू कागदात कुठे पाणचिन्ह असेल, खरं किंवा खोटं.

युहान्नुसच्या सणाला ये. वर्षाचा सर्वांत लांब दिवस आहे, सुलो तळ्याकाठी होळी पेटवणार आहे. रेइनो म्हणतो ये. तोंडावर सांग.

इर्या

१ जुलै, मंगळवार

अर्वो,

तू गेल्या आठवड्यात बसमध्ये चढलास तेव्हापासून हे पत्र मनात लिहिते आहे.

तीन दिवस होतास. आल्या आल्या कुऱ्हाड मागितलीस, ती धड धरता येईना, तरी सौनाची लाकडं तूच फोडलीस. तुम्ही दोघं पुरुष सौनात बसलात आणि मी बाहेर बाकावर. आत हसण्याचा आवाज आला. कशाला हसलात ते मला कोणीच सांगितलं नाही. तुझी बोटं मी जेवताना बघत होते. पहिलं बोट वळतच नाही आता, काटा तू मधल्या बोटांत धरतोस. मी मनात म्हटलं, असलं बोट चापावर कसं जाईल? मग म्हटलं, नोव्हेंबरात एवढं नव्हतं. मग वाटलं, होतं, म्हणून तर चाप हलका करून मागितला. आणि म्हणूनच तर तो नकळत दाबला गेला असेल. असं माझं ताटातलं थंड होत होतं.

तीन दिवस विचारलं नाही. बस यायला दहा मिनिटं असताना विचारलं. तुझी पिशवी दोघांच्या मध्ये होती.

"अर्वो, बोट होतं की नव्हतं?"

तू रस्त्याकडे बघत होतास. म्हणालास, "तुला कुठलं चालेल?"

मला इतका राग आला की मी पाठ फिरवली. निरोपाचा हातसुद्धा केला नाही. बस वळल्यावर केला, तो तुला दिसला नसणार.

घरी येऊन रेइनोला सांगितलं. त्याने बराच वेळ गुडघा चोळला. मग म्हणाला, "त्याला स्वतःलाच माहीत नसेल, असं तुझ्या डोक्यात आलं नाही?"

नव्हतं आलं. एवढ्या महिन्यांत एकदाही आलं नव्हतं. मी दोनशे वेळा दस्ता आपटला, तुझं पत्र उजेडाला धरलं, पण हे सुचलं नाही, की जो माणूस तिथे उभा होता तोही माझ्याइतकाच अंधारात असेल. एक आवाज झाला आणि समोर रेइनो पडला. त्याआधीचं अर्धं सेकंद तुला आठवत असेलच असं का? तू आधी एक सांगितलंस, ते तेव्हा खरं वाटलं असेल. मग दुसरं, तेही वाटलं असेल. हेही चुकीचं असेल. रेइनोचा हा अंदाज आहे, तू सांगितलेलं नाहीस.

पण तू विचारलंस, तर उत्तर देते. बोट होतं असं धरलं की मला तुझ्यावर रागावता येतं. नव्हतं असं धरलं की स्वतःवर, आणि मधूनमधून रेइनोवर. सगळं करून पाहिलं. दमले. मला कुठलंच चालत नाही, आणि कुठलंच नक्की होणार नाही, असं दिसतंय. यापुढे मी तुला हे विचारणार नाही. मनातसुद्धा नाही असं लिहिणार होते, पण ते खोटं होईल.

तुझी रायफल मी सुलोला कापून टाकायला दिली. विचारायला हवं होतं, विचारलं नाही. बाबांची होती हे माहीत आहे. रागवायचं असेल तर रागव.

आता कामाचं. रेइनोच्या डोक्यात बसलंय की पंधरा नोव्हेंबरला, शिकारीचा मोसम उघडतो त्या दिवशी, त्याला वर जायचं आहे, त्या बर्चच्या चढावर, जिथे पडला तिथे. बंदूक नको म्हणतो, नुसतं बसायचं आहे. हरीण खरंच वळसा घालून येतं का ते बघायचंय म्हणे. मी म्हणाले, डोकं फिरलंय तुझं. तो म्हणाला, हो. डॉक्टर नको म्हणतात. चढ उभा आहे, बर्फ गुडघाभर असेल, आणि मी त्रेसष्टची आहे. एका बाजूने मी धरीन. दुसऱ्या बाजूने कोणीतरी लागेल.

चौदा नोव्हेंबरला ये. जाडे कपडे आण.

इर्या